खामगावची तार आणि रुमालाखालची बोटं

सायबरपंक खेळ रचताना खलनायक शोधत बसावं लागत नाही. तो ठरलेलाच असतो: कंपनी. एवढी मोठी कंपनी, की तिच्याकडे स्वतःचं सैन्य असतं आणि सरकारच तिचं देणं लागतं. घोडं अडतं ते प्रतिस्पर्धी टोळीपाशी.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर आपल्या पात्राची माहिती. एक जण जग सांभाळतो: हवामान, पोलीस, टपरीवाला, शत्रू, सगळं त्याच्याकडे. बाकीचे काय करायचं ते बोलून ठरवतात आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हे सुरू झालं. १९८३ मध्ये ब्रूस बेथकीने एका कथेला 'सायबरपंक' हे नाव दिलं, पुढच्याच वर्षी विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' आली आणि १९८८ मध्ये माइक पॉन्डस्मिथने त्या जगाचा टेबलावरचा खेळ केला. डिसेंबर २०२० मध्ये तुम्ही मोबाइलवर ज्याचे ट्रेलर पाहिलेत तो 'सायबरपंक २०७७' याच घराण्यातला.

आता प्रतिस्पर्धी टोळी म्हणजे काय? शत्रू नव्हे. शत्रूला मारलं की संपला. प्रतिस्पर्धी तुमच्यासारखाच भाडोत्री असतो. तुमच्याइतकाच कर्जात, तुमच्याच कामावर निघालेला, फक्त त्याचा मालक दुसरा. आज तो तुमच्यावर गोळी झाडेल आणि उद्या तुम्ही दोघं एकाच गाड्यावर कचोरी खाल. चांगल्या टोळीचं तुमच्याशी काहीतरी जुनं नातं असावं लागतं. ते नसेल तर ती नुसती वेगळ्या रंगाच्या जाकिटातली माणसं.

आमचा खेळ २०९० सालच्या खामगावात घडतो. मी खामगावचा, पाऊस पडणाऱ्या निऑन दिव्यांच्या परक्या शहरात मला काय करायचंय? टोळ्या हव्या होत्या म्हणून जिल्ह्याचा इतिहास उघडला. आणि पहिली टोळी घाटावर सापडली, सिंदखेडराजाला.

सिंदखेडराजा आपल्याला जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून माहीत आहे. १२ जानेवारीला तिथे रस्ता दिसत नाही इतकी गर्दी असते. पण जिजाऊंचे वडील लखुजी जाधव कोणत्या जगात वावरत होते ते पाहा. दक्षिणेत निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही आणि वरून उतरणारे मोगल. या मोठ्या सत्तांना स्वार हवेत आणि स्वार आहेत देशमुख-सरदारांकडे. सरदार आपली माणसं घेऊन चाकरी धरतो, पटलं नाही की दुसरीकडे जातो. निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हातात; तो स्वतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला. असं पात्र कोणी खेळात आणलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अति होतंय.

लखुजी मोगलांना जाऊन मिळाले. १६२४ ला भातवडीची लढाई झाली तेव्हा ते मोगलांच्या बाजूला आणि त्यांचे जावई शहाजी राजे निजामशाहीच्या बाजूला. बखरींत खंडागळ्यांच्या हत्तीची गोष्ट येते: दरबार सुटताना हत्ती बिथरला, त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले, दत्ताजी जाधव आणि संभाजी भोसले मारले गेले. हत्ती कोणाचा, तर तिसऱ्याच माणसाचा. कथेला सुरुवात करून देणारा धागा यापेक्षा चांगला मला कोणत्याही नियमपुस्तकात मिळाला नाही. क्षुल्लक अपघात, दोन सोयरी घराणी, आणि मधे एक मुलगी जिचं माहेर इकडे आणि सासर तिकडे. लखुजी पुढे निजामशाहीत परतले. जुलै १६२९ मध्ये त्यांना देवगिरीच्या किल्ल्यावर दरबारात बोलावून मुलं आणि नातवासह ठार मारलं. खेळात मालक फितूर होण्याला फार महत्त्व असतं. ते कसं दिसतं हे पाहायचं असेल तर सिंदखेडला त्यांची समाधी आहे, जाऊन या.

पण घराण्यांची भांडणं म्हणजे अजून सायबरपंक नव्हे. त्याला कंपनी लागते, आणि तार लागते. त्यासाठी घाट उतरून पुन्हा खामगावला यावं लागतं.

१८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. कारण कर्ज. कर्ज कशाचं, तर 'कन्टिन्जन्ट' नावाच्या फौजेचं, जिचा खर्च निजामाने करायचा आणि जिच्यावर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. म्हणजे कंपनीने आपल्या फौजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं आणि ते थकलं म्हणून आख्खा प्रांत घेतला. हे मी खेळासाठी रचलेलं नाही. १९०२ मध्ये हाच प्रांत वर्षाला २५ लाख रुपये ठरवून कायमच्या भाडेपट्ट्यावर गेला. माझे पणजोबा भाड्याने दिलेल्या प्रांतात जन्मले.

वऱ्हाड हवं होतं काळ्या मातीसाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या शेअरबाजाराचा फुगाही फुटला. रेल्वेचं काम मात्र थांबलं नाही. ती मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव करत पुढे निघाली आणि १८६७ ला नागपूरला पोचली. खामगाव मुख्य मार्गावर नव्हतं, पण बाजार एवढा मोठा, की जळंबहून खास फाटा काढला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जेमतेम १३ किलोमीटरच्या रुळासाठी! आजही जळंब-खामगाव गाडीत बसलात तर खिडकीबाहेर बघताना हे आठवा.

त्या दोन वर्षांत काय काय झालं ते एकत्र मांडून पाहिलं आणि मी खेळाचा नकाशाच बदलला. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली. त्याच वर्षी खामगावचा फाटा. आता लिव्हरपूलचा भाव शेगाव-खामगावच्या पट्ट्यात महिन्यांनी नव्हे तर दिवसांच्या हिशेबात कळू लागला. गिब्सनच्या कादंबरीतलं जाळं यायला शंभरावर वर्षं होती. आमच्याकडे ते तांब्याच्या तारेचं आलं होतं, आणि त्याच्या टोकाला कापसाचा ढीग होता.

मग टोळ्या आपोआप उभ्या राहिल्या. फोल्कार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी, १८५१ मध्ये विंटरथुर आणि मुंबईत एकदमच निघालेली. राली ब्रदर्स, मूळ ग्रीक घराणं, मुख्य पेढी लंडनला. दोघांची वऱ्हाडात कापूस खरेदी. (तुमच्या घरातला व्होल्टासचा एसी आठवा. १९५४ मध्ये फोल्कार्ट आणि टाटा यांच्या नावांतून ते नाव तयार झालं.) त्यांच्याखाली अडते, दलाल, जिन-प्रेसवाले, तोलणारे, हमाल. खेळात मी राली आणि फोल्कार्टचं नाव घेत नाही. फक्त एक कंपनी जहाजांवर राज्य करते आणि दुसरी तारेवर.

आणि या सगळ्यात हत्ता. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. किती बोटं, कोणतं पेर, यावर आकडा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आमच्या २०९० मध्ये प्रत्येक फोन ऐकला जातो, प्रत्येक डोळ्यात कॅमेरा आहे, म्हणून गुप्त सौदे पुन्हा रुमालाखाली होतात. यासाठी मी नियमच केला: दोन खेळाडूंनी खरोखर टॉवेलखाली हात घालायचे, आकडा बोटांनी सांगायचा, मी देखील पाहायचं नाही. त्या रात्री दोन टोळ्यांनी मिळून मलाच गंडवलं. फार मजा आली.

मजा येत असताना आमच्यातला एक जण, ज्याच्या घरी नऊ एकर कोरडवाहू आहे, शांतपणे म्हणाला, "हे सब बराबर हाये भाऊ. पण तुह्या खेळात कास्तकार कुठी हाये? कापूस कोनाचा हाये थो?"

प्रश्न इतिहासालाही लागू आहे. कारण रुमाल होता तो मुळात त्याच्यापासूनच झाकायला. सौदा दोघांचा, आणि ज्याचा कापूस तो बैलगाडीशेजारी उभा. भाव तारेने खामगावात पोचत होता, पण गाडीपर्यंतचे शेवटचे दहा हात तो पोचत नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाड होरपळलं. ज्वारीच्या जागी कापूस लावलेल्या माणसाला धान्य विकतच घ्यायचं होतं. १८९७ मध्येच वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. हत्ता मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं टिकला.

तारेचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, कारण त्यातून दोन अस्सल टोळ्या निघतात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला येत आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. कापसाशी काही देणंघेणं नाही, फक्त आकडा. १९६१ ला न्यूयॉर्कहून ते येणं थांबलं, तर मुंबईकरांनी आकडा मडक्यातून काढायला सुरुवात केली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्यातली दोन मोठी नावं. मटका म्हणजे माल निघून गेल्यावर मागे उरलेली तार.

कास्तकाराला पात्र कसं करायचं? बिचारा म्हणून आणायचा नव्हता. त्या भूमिकेत तो चित्रपटांमधून पुरेसा आला आहे. उत्तर सापडलं १९७२ मध्ये. त्या साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली: कापूस विकायचा तर सरकारलाच. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याचा. पण शेजारच्या मध्य प्रदेशात भाव चढा असला की काय होणार? आपला जिल्हा सीमेला लागून, बऱ्हाणपूर जवळ. रात्री कापूस सीमेपलीकडे जाऊ लागला आणि रस्त्यांवर नाके बसले. स्वतःच्या शेतातला माल माणूस चोरून नेतोय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध जे रान उठवलं त्यामागे हा अनुभव होता. आजोबांच्या पिढीतले लोक ह्या रात्रीच्या फेऱ्या अशा रंगवून सांगतात, की माझ्या टेबलावरचा एकही खेळाडू तसं सांगू शकत नाही.

आणि हे जुनंपुराणं नाही. २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाला, एचटीबीटीला, मिळाली नाही. तरी बियाणं फिरत राहिलं. जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरलं. ते बियाणं चांगलं की वाईट यावर आमच्या टेबलावरच एकमत नाही, आणि मला ते बरं वाटतं. बिनपरवाना जनुकं, पोत्यातून, रात्री. पॉन्डस्मिथला कळवायला हवं.

बाकी धागे जिल्हाभर पडलेले आहेत. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे असल्याचं सांगितलं. आमच्या खेळात त्या जीवांचं पेटंट एका कंपनीकडे आहे. तसं नवीन काही नाही, 'आईने-अकबरी'तसुद्धा लोणारच्या क्षारांपासून काच आणि साबण होण्याची नोंद आहे. भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याचे दाणे कुठे सरकले त्यावरून पावसाचं, पिकांचं भाकीत करतात. मी स्वतः त्यावर विश्वास ठेवत नाही. पण हवामानाचं भाकीत विकणारी कंपनी आणि फुकटात भाकीत सांगणारं गाव, ह्या भांडणात फासा टाकायला मी कधीही तयार आहे.

नऊ एकरवाल्याचा कागद आता बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. शस्त्रांच्या जागी त्याने सातबारा लिहिलाय, आणि कर्जाचा रकाना त्याने स्वतः वाढवून घेतला. त्याची टोळी बऱ्हाणपूरहून एक पोतं घेऊन निघाली आहे. तेच पोतं आणायला सिंदखेडची टोळीही निघाली आहे, आणि तिची पुढारीण त्याच्याच पात्राची सख्खी मावसबहीण आहे. येत्या रविवारी दोघं जळंबच्या फलाटावर भेटतील. पोत्यात काय आहे ते मलाही माहीत नाही. तो टॉवेल घेऊन येणार आहे.