ध्वनियंत्रणेला क्रमाक्रमाने वीज देणारे रिले सर्किट

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे विकाराबाद-परळी लोहमार्गावरील स्थानकाचे गाव. परिसर शेतीचा. मराठवाड्याच्या या भागात शेतीला वीज पाळीपाळीने मिळते. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच बसवितात. त्यामुळे एका रोहित्रावरील अनेक पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कित्येक पट प्रवाह खेचते आणि रोहित्र जळण्याची वेळ येते. ऑटोस्विच काढून टाकावेत, असे आवाहन महावितरण वेळोवेळी करीत आली आहे, ते याच कारणासाठी.

हरिनाम सप्ताहाच्या मंडपातील किंवा सभागृहातील ध्वनियंत्रणेपुढेही लहान प्रमाणावर हाच प्रश्न असतो. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक उपकरणाला थोड्या थोड्या अंतराने वीज देणारे रिले सर्किट.

पहिल्या क्षणाचा भार

मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे मोठे कॅपॅसिटर असतात. बटण दाबताच ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊ शकतो आणि रिकामे कॅपॅसिटर जवळजवळ शॉर्टसर्किटसारखे वागतात. त्यामुळे विजेच्या पहिल्या काही आवर्तनांत नेहमीच्या दहापट किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहू शकतो. घरगुती वापराचा 'बी' प्रकारचा एमसीबी तीन ते पाचपट, तर 'सी' प्रकारचा पाच ते दहापट प्रवाहाला तत्काळ तुटतो. चार अॅम्प्लिफायर एकदम सुरू केले की एमसीबी पडतो किंवा जनित्राचा दाब कोसळतो, तो याचमुळे.

क्रमाचे महत्त्व

भार विभागण्याइतकाच क्रमही महत्त्वाचा असतो. मिक्सर व इक्वलायझर सुरू होताना त्यांच्यातून क्षणभर विजेचा धक्का बाहेर पडतो. त्या वेळी अॅम्प्लिफायर आधीच सुरू असेल, तर तो धक्का अनेक पटींनी वाढून स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो. वारंवार असे झाल्यास ट्वीटरची नाजूक तार निकामी होऊ शकते. म्हणून सुरू करताना आधी मिक्सर, मग इक्वलायझर व क्रॉसओव्हर, आणि शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना नेमके उलट, हा नियम पाळावा लागतो.

सर्किटची रचना

दोन्ही क्रम साधणारी सोपी रचना एका कॅपॅसिटरवर उभी राहते. १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्टवर भरत ठेवला, की त्यावरील दाब सावकाश चढतो. दुसरीकडे एकसारखे चार रेझिस्टर ओळीने जोडून १२ व्होल्टचे समान भाग केले, की ३, ६ व ९ व्होल्टचे टप्पे मिळतात. 'एलएम ३३९' या चिपमध्ये चार कंपॅरेटर असतात. त्यांपैकी तीन या टप्प्यांना जोडायचे. कॅपॅसिटरचा दाब सुमारे २.९ सेकंदांनी पहिला, ६.९ सेकंदांनी दुसरा आणि १३.९ सेकंदांनी तिसरा टप्पा ओलांडतो आणि त्या त्या वेळी एकेक रिले ओढला जातो.

बंद करताना हाच कॅपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून रिकामा होऊ द्यायचा. दाब उतरताना ९ व्होल्टचा टप्पा आधी लागतो. त्यामुळे अॅम्प्लिफायर प्रथम बंद होतो आणि मिक्सर शेवटी. उलट क्रमासाठी वेगळी योजना करावी लागत नाही.

१२ व्होल्टच्या सामान्य रिलेच्या कॉइलला सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तेवढा कंपॅरेटर देऊ शकत नाही, म्हणून मध्ये 'बीसी ५४७'सारखा ट्रान्झिस्टर घालतात. रिले सुटताना कॉइलमध्ये उलट दिशेचा मोठा दाब निर्माण होतो. त्यापासून ट्रान्झिस्टर वाचविण्यासाठी कॉइलला समांतर '१एन ४००७' डायोड उलटा जोडणे अत्यावश्यक आहे. टप्प्याजवळ रिले थरथरू नये म्हणून प्रत्येक कंपॅरेटरच्या आउटपुटपासून त्याच्या धन इनपुटपर्यंत मोठ्या मूल्याचा रेझिस्टरही हवा.

वीज जाते तेव्हा

जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथे सर्किटची खरी परीक्षा वीज परतताना होते. वीज क्षणभर जाऊन आली आणि कॅपॅसिटर भरलेलाच राहिला, तर सर्व रिले एकदम ओढले जातील आणि सारा खटाटोप व्यर्थ जाईल. यासाठी कॅपॅसिटरपासून १२ व्होल्टच्या तारेकडे एक डायोड जोडतात. वीज गेली की कॅपॅसिटर त्यातून झटपट रिकामा होतो.

त्याहून खात्रीचा उपाय स्वतःला धरून ठेवणाऱ्या मुख्य रिलेचा. 'चालू' बटण दाबल्यावर हा रिले स्वतःच्याच संपर्कातून वीज घेत राहतो. वीज गेली की तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत ओढला जात नाही. पंपाच्या स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइलचे तत्त्वही हेच. ऑटोस्विच नेमके ते निष्प्रभ करतो.

निवड आणि सुरक्षितता

रिलेवर लिहिलेली १० अँपिअरची क्षमता साध्या रोधभाराची असते. अॅम्प्लिफायरच्या सुरुवातीच्या प्रवाहाने तिचे संपर्क वितळून चिकटू शकतात. तेथे ३० अँपिअरचा रिले किंवा काँटॅक्टर घ्यावा. फार मोठ्या अॅम्प्लिफायरला पहिला सेकंदभर ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून वीज देऊन नंतर दुसऱ्या रिलेने तो रेझिस्टर वगळतात. विजेचा शिखर दाब ३२५ व्होल्ट धरला, तरी प्रवाह सुमारे ७ अँपिअरवर थोपतो.

रिलेने नेहमी फेज तोडावी, न्यूट्रल नव्हे. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र फ्यूज असावा, अर्थिंग कोठेही खंडित होऊ नये आणि २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.