युनियन टाइप : पर्यायांच्या नावांचा शोध

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये ठरावीक पर्यायांपैकी एका वेळी एकच पर्याय धारण करणाऱ्या माहितीच्या प्रकाराला ‘युनियन टाइप’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव, पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांत येणारा कांदा हंगामानुसार लाल (खरीप), रांगडा (लेट खरीप) किंवा उन्हाळ (रब्बी) असतो. आज्ञावलीत ‘कांदा’ हा युनियन टाइप मानला, तर हे त्याचे तीन पर्याय ठरतात. प्रत्येक पर्यायासोबत वेगळी माहिती ठेवता येते. चाळीत टिकणाऱ्या उन्हाळ कांद्यासोबत साठवणुकीचे दिवस नोंदवता येतात; इतर दोहोंना त्या रकान्याची गरज नसते.

एडिंबरा विद्यापीठात विकसित झालेल्या आणि १९८० मध्ये मांडल्या गेलेल्या ‘होप’ या भाषेत ही कल्पना ठळकपणे दिसते. पुढे १९९० मधील ‘हॅस्केल’ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या डॉन साइम यांनी घडवलेली ‘एफ-शार्प’ या भाषांमध्येही ती रुजली.

पर्यायांची नावे पडद्यावरील यादीत, पावतीवर किंवा डेटाबेसमध्येही लागतात. त्यासाठी नावांची वेगळी यादी हाताने लिहिणे सोपे वाटते. धोका तेथेच असतो. प्रकारात चौथा पर्याय वाढला आणि यादी तशीच राहिली, तर कंपायलर इशारा देत नाही. नव्या पर्यायाची नोंद करू पाहणाऱ्याला तो यादीत सापडतच नाही.

एफ-शार्पमध्ये यावर ‘रिफ्लेक्शन’चा, म्हणजे आज्ञावलीने स्वतःचीच रचना तपासण्याचा, उपाय आहे. ‘एफशार्पटाइप’मधील ‘गेटयुनियनकेसेस’ या फंक्शनला प्रकार दिला की सर्व पर्यायांचा तपशील मिळतो आणि प्रत्येकाच्या ‘नेम’ या गुणधर्मातून नाव वाचता येते. हाती असलेले मूल्य कोणत्या पर्यायाचे आहे, हे ‘एफशार्पव्हॅल्यू’मधील ‘गेटयुनियनफील्ड्स’ सांगते. हे काम तुलनेने संथ असल्याने नावे एकदाच काढून जपून ठेवणे इष्ट. हॅस्केलमध्ये, पर्यायांसोबत अन्य माहिती नसेल, तर ‘एनम’, ‘बाउंडेड’ आणि ‘शो’ यांच्या साह्याने संपूर्ण यादी मिळते. ‘ओकॅमल’मध्ये मात्र आज्ञावली चालू असताना ही नावे उरत नाहीत, केवळ अंतर्गत क्रमांक उरतात, त्यामुळे नावांची तजवीज कंपायलिंगच्या वेळीच करावी लागते.

तथापि आज्ञावलीतील नाव आणि दप्तरातील नाव एकच मानणे धोक्याचे आहे. प्रोग्रॅमरने ‘रांगडा’ बदलून ‘लेट खरीप’ केले, तर जुन्या नावाने साठवलेल्या नोंदी वाचता येणार नाहीत. म्हणून कायमस्वरूपी नोंदींसाठी प्रत्येक पर्यायाचा शब्द स्वतंत्र फंक्शनमध्ये निश्चित करावा. तेथे एखादा पर्याय सुटला, तर कंपायलर इशारा देतो. रिफ्लेक्शनचा उपयोग पडद्यावरील यादी पूर्ण आहे की नाही, हे पडताळण्यासाठी करावा. नोंदी वर्षानुवर्षे जपायच्या असतील, तर हा भेद आरंभीच पाळणे हिताचे ठरते.