वासुदेवाची वाटी आणि मुरुमसिल्लीचे धरण

आमच्या आजोळी देवघराच्या फडताळात एक पितळी वाटी असे. वाटीच्या मधोमध वासुदेव उभा, त्याच्या हातांवर तान्हा कृष्ण आणि कृष्णाचा एक पाय किंचित खाली लोंबता. गोकुळअष्टमीस आजी ती घासूनपुसून काढी आणि आम्हां मुलांस पाणी ओतावयास सांगे. पाणी वासुदेवाच्या गुडघ्यास लागे, कमरेस लागे, छातीस लागे. आता बाळ बुडणार असे वाटावे तोच त्या इवल्या पायाला पाण्याचा स्पर्श होई आणि वाटीतील यमुना ओसरू लागे. खालच्या ताटलीत धार पडे, ती वाटी रिकामी होईतो थांबत नसे. आजीच्या मते हा चरणस्पर्शाचा महिमा. पुढे शाळेत सायफन शिकलो आणि कोडे सुटले असे आम्हांस वाटले. ते पुरते सुटले नव्हते. पण ती हकीकत मागाहून.

नोकरीने आम्हांस रायपुरात आणून टाकल्यावर एका रविवारी मुरुमसिल्लीचे धरण पाहण्याचा योग आला, आणि तेथे ती वाटी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. रायपूरच्या दक्षिणेस धमतरी आणि धमतरीपलीकडे महानदीस मिळणाऱ्या सिलियारी नदीवर हे मातीचे धरण १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. तेव्हा हा मुलूख रायपूर जिल्ह्यातच होता. धमतरीचा स्वतंत्र जिल्हा १९९८ सालचा. इकडील लोक या धरणास माडमसिल्ली असेही म्हणतात. पाहुण्यास ते कोणत्याही जुन्या धरणासारखेच दिसते. परंतु त्याच्या सांडव्यावर दरवाजे नाहीत. त्यांच्या जागी तिसांहून अधिक सायफनांची रांग आहे. आशिया खंडात सायफनचा सांडवा असलेले हे पहिले धरण, अशी त्याची ख्याती आहे.

हे धरण बांधण्याची निकड का पडली, हे छत्तीसगडात एक पावसाळा काढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. सगळा प्रदेश भातावर जगणारा. आषाढ-श्रावण कितीही कोसळले, तरी भाद्रपद-आश्विनात, पीक निसवू लागले असता पावसाने पाठ फिरवली की वर्ष बुडाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताचे कंबरडे मोडले, तेव्हा सरकारास पाटबंधाऱ्यांची जाग आली आणि १९०१ ते १९०३ पर्यंत एक कमिशन देशभर हिंडले. पुढे धमतरीजवळ रुद्री येथे महानदीवर बंधारा होऊन कालवा निघाला, आणि त्या कालव्यास पाऊस गेल्यानंतरही पाणी पुरावे म्हणून वरच्या अंगास मुरुमसिल्लीचा साठा करण्यात आला. साठ्याचे पाणी नदीत सोडावयाचे आणि रुद्रीस ते उचलावयाचे, अशी ही योजना.

या कालव्याच्या पाण्याने एक इतिहासही घडविला. धरणाचे काम चालू असताना, १९२० साली, धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ येऊन दंड बसविण्यात आला. दंड भरण्याचे नाकारताच गुरे जप्त झाली. ती लिलावासाठी बाजारोबाजार फिरविण्यात आली, पण बोली लावावयास कोणी पुढे येईना. बाबू छोटेलाल श्रीवास्तव, पंडित सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले यांनी चालविलेला हा सत्याग्रह अखेर सफळ झाला व वसुली मागे घ्यावी लागली. पाणी कोणी किती घेतले याची नोंद कोणा तरी कारकुनानेच केली असणार. आम्हीही त्याच जातकुळीचे, म्हणून ही गोष्ट ऐकताना मन जरा चोरटे होते.

असो. मूळ प्रश्न सांडव्याचा होता. दगडी धरणावरून पाणी उतू गेले तर ते पुष्कळदा तग धरते. मातीच्या धरणाचे तसे नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती कापत जाते, आणि भगदाड पडावयास फार वेळ लागत नाही. म्हणून पुराचे पाणी माथ्यापर्यंत चढण्यापूर्वीच वाट करून द्यावी लागते. दरवाजे बसवावेत, तर ते उघडावयास माणूस हवा. आणि पूर बहुधा रात्रीच येतो, रस्ते बंद असताना येतो, यंत्र अडकलेले असताना येतो. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचे अठरांपैकी काही दरवाजे उघडू शकले नाहीत, पाणी बाजूच्या मातीच्या भिंतींवरून गेले आणि मोरवी शहर बुडाले. त्या वेळी हजारांनी माणसे गेली.

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी मुलखात आधीच निघालेले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी करणारे विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्यास स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरीव पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, उतरले की मिटत. पण दरवाजा म्हटला की त्यात हलणारे भाग आले, आणि हलणारा भाग गंजतो. मुरुमसिल्लीच्या सायफनात हलणारे काहीच नाही. सांडव्याच्या काठावर पालथ्या नळीसारखे एक आवरण बांधलेले असते. त्याचे एक तोंड जलाशयात बुडालेले, दुसरे धरणाच्या खालच्या अंगास. पाणी काठावर चढले की पहिल्याने पातळ पडद्यासारखे पलीकडे सांडते. तो पडदा आवरणातील हवा आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि हवा संपताच नळी तुडुंब भरून वाहू लागते. पातळी उतरून हवेचे भोक उघडे पडले की आत हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. वासुदेवाच्या वाटीत कृष्णाचा पाय जे दाखवितो, ते येथे सांडव्याचा काठ ठरवितो. ना वरून हुकूम, ना मंजुरी, ना रात्रपाळीचा पहारेकरी.

शिवाय साध्या सांडव्यावर पाणी फूटभर चढले तर तेवढ्या फूटभराचाच जोर मिळतो. सायफनात वरच्या पातळीपासून खालच्या तोंडापर्यंतची सगळी उतरंड कामास येते. ६ मीटर उतार असेल, तर घर्षण वजा न करता वेग सेकंदास सुमारे ११ मीटर भरतो. म्हणून थोड्या रुंदीत पुष्कळ पाणी निघून जाते. पण या गुणातच दोषही दडलेला आहे. नळी एकदा भरली की जलाशय आणखी चढला तरी तिच्यातून निघणारे पाणी फारसे वाढत नाही, आणि अपेक्षेहून मोठा पूर आला तर ती हतबल होते. ओंडके-पाचोळा अडकण्याची भीती वेगळीच. खालच्या गावांवर पाणी एकदम येऊ नये म्हणून सगळ्या सायफनांची पातळी एक न ठेवता काही आधी आणि काही मागून सुरू होतील अशी योजना करतात. पुढे म्हैसूर संस्थानात मार्कोनहळ्ळीस गणेश अय्यर यांनी सायफनास निराळा, भोवऱ्यासारखा आकार दिला. तरीही आज मोठ्या धरणांवर ही तऱ्हा क्वचितच दिसते. आम्हांस तरी त्याचे वाईट वाटते, पण अभियंत्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

मुरुमसिल्लीचे काम चालू असतानाच, १९१८ साली, इन्फ्लुएन्झाची साथ मध्यप्रांत-वऱ्हाडावर कोसळली आणि घरेच्या घरे रिकामी झाली. त्या साथीत अनेकांना न्यूमोनिया होऊन छातीच्या पोकळीत पू साचे. अमेरिकेच्या सैन्यात अशा रोग्यांची छाती लगेच उघडून पू काढण्याची रीत होती. पण आत हवा शिरून फुप्फुस मिटे आणि रोगी दगावे. त्याच वर्षी सैन्याने नेमलेल्या समितीने छाती न उघडता बंद नळीने निचरा करावा असा निर्वाळा दिला, आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आले. ही बंद नळीची युक्ती हँबुर्गच्या ब्यूलाऊ या डॉक्टराने १८९१ साली प्रसिद्ध केली होती, आणि तिचे तत्त्व सायफनचेच. नळीचे एक टोक छातीत, दुसरे जमिनीवरील बाटलीत पाण्याखाली. पू खाली ओढला जातो आणि पाण्याच्या अडसरामुळे बाहेरची हवा परत आत जात नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याच्या खाटेखाली अशी बाटली होती. आम्ही उशाशी बसलो असता झाडूवाल्याने फरशी पुसण्यासाठी ती उचलून सरळ खाटेवर ठेवली. पलीकडून नर्स धावत आली, तिने प्रथम नळी चिमटीत धरली आणि मग बाटली खाली ठेविली. बाटली छातीहून उंच गेली तर तिच्यातले पाणी उलट रोग्याच्या छातीत उतरते, हे तिने आम्हांस नंतर सांगितले. सायफनास उंच-सखल एवढेच कळते. कोणत्या टोकास माणूस आहे हे कळत नाही. आमचा मित्र पुढे बरा होऊन कामावर आला.

आता त्या अर्धवट सुटलेल्या कोड्याकडे वळू. सायफन का चालतो, या प्रश्नास परीक्षेत आम्ही लिहिले होते, "हवेच्या दाबामुळे", आणि त्यास पुरे गुण मिळाले होते. हवा एका बाजूने पाणी ढकलते, असा त्याचा अर्थ. परंतु ढकलते म्हणावे, तर दोन्ही टोकांवर दाब जवळजवळ सारखाच. ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशातही १९११ पासून आमच्यासारखेच उत्तर छापलेले होते. २०१० साली ऑस्ट्रेलियातील स्टीफन ह्यूज या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने ही चूक दाखविली: पाणी वाहविते ते गुरुत्वाकर्षण, लांब बाजूच्या पाण्याचे वजन आखूड बाजूच्या पाण्यास ओढून नेते. कोशातील व्याख्या पुढे सुधारण्यात आली. २०१४ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दीड मीटर उंचीचा सायफन हवा विरळ करता येईल अशा कोठडीत ठेवून पाहिला. हवेचा दाब कमी कमी होत गेला तरी प्रवाह जवळजवळ तसाच राहिला. १२ किलोमीटर उंचीवर असते तितकी विरळ हवा झाली तेव्हा नळीच्या माथ्यावर पाण्याचा धागा तुटला, आणि दाब वाढविताच पुन्हा जुळला.

म्हणजे हवेचे काम ढकलण्याचे नसून माथ्यावरचे पाणी सांधलेले ठेवण्याचे. म्हणूनच समुद्रसपाटीस पाण्याचा सायफन १० मीटरांच्या आसपासच्या चढापलीकडे नेहमीच्या रीतीने चालत नाही. गंमत अशी, की ही मर्यादा चुकीच्या उत्तरातूनही नेमकी तेवढीच निघते. कोशातील चुकीमुळे कोणत्याही अभियंत्याच्या आराखड्यात एका विटेचाही फरक पडला नसता.

आजोळची वाटी आता आमच्या रायपूरच्या बिऱ्हाडी आहे. गेल्या अष्टमीस आमच्या मुलाने तीत पाणी ओतले आणि ते ओसरताच विचारले, "बाबा, पाणी का गेले?" आम्ही गुरुत्वाकर्षणापासून आरंभ केला. तो अर्धे ऐकून घागरीकडे गेला आणि तांब्या पुन्हा भरून घेऊन आला.