वेशीबाहेरचं घर

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांना होमलेट माहीत असतं. गॅरी गायगॅक्सच्या या १९७९ सालच्या गावात कुठल्या घरात कोण राहतं, कोणाचे पैसे कुठे लपवलेत, सगळं लिहिलंय. पण मला त्यात लोकांची आपसातली देणीघेणी हवी होती.

आंबिवलीत आमचा पाच जणांचा ग्रुप खेळतो आणि गावं मी रचतो. त्या कामी सगळ्यात उपयोगी पडलं ते १९१५ सालचं पुस्तक, त्रिंबक नारायण अत्रे यांचं ‘गावगाडा’. (त्यातलं गाव देशावरचं आहे, आमच्या ठाणे जिल्ह्याला जसंच्या तसं लागू होत नाही. पण ड्रॅगनला काय फरक पडतो?)

घरांची जागा पांढरी, शेतांची काळी. सुतार नांगर दुरुस्त करायचा, लोहार फाळ शेवटायचा, चांभार मोट शिवायचा. रोख व्यवहार फारसा नाही. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, तेच बलुतं. म्हणजे हिशोब वर्षभर उधारीवर. गेममध्ये हे आणलं की गाव आपोआप हलायला लागतं. तलवारीला धार हवीय? लोहार रुसलाय, पाटलाने खळ्यावर त्याला कमी धान्य घातलंय. आधी ते मिटवा.

महाराचं घर मांडताना मात्र हात थांबतो. शिवेचा तंटा निघाला की त्याची साक्ष लागायची. सांगावा पोचवणं, पहारा, सरकारी वसुलीला सोबत, मेलेली गुरं ओढणं, सगळं त्याच्याकडे. गावाची हद्द तोंडपाठ असणाऱ्या माणसाचं घर वेशीबाहेर! कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदला तुटपुंजा. या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

ग्रुपमध्ये एकजण म्हणाला, “फँटसी आहे यार, जात कशाला?” मला पटलं नाही. बलुत्याची गंमत घ्यायची आणि ते घर पुसायचं, ही लबाडी झाली असती.

दुसऱ्या एकाचे आजोबा तसंच घर सोडून कल्याणकडे कारखान्यात आले होते. तो म्हणाला, “ते कॅरेक्टर मी घेतो. पण बलुतं नको, पगार पाहिजे.”

पहिल्याच डावात त्याने शीव दाखवायचे पैसे आगाऊ मागितले. पाटलाकडे रोकड नव्हती. पाटील मीच चालवत होतो. दोन तास घासाघीस झाली, ड्रॅगनपर्यंत कोणी पोचलंच नाही.