वऱ्हाड घडविणाऱ्या ज्वालामुखीवर रियुनियनमध्ये पहारा

अमरावती - मेळघाटात जमीन हादरली, भूगर्भातून गडगडाट ऐकू आला, की 'खाली ज्वालामुखी तर नाही ना?' अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसराला भूकंपाचे सौम्य धक्के बसले होते. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेच्या भूकंपाची नोंद झाली. ज्या प्रदेशाची जमीनच लाव्हारसाची बनलेली आहे, तेथील रहिवाशांची ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. वऱ्हाडात जागृत ज्वालामुखी नाही आणि तो निर्माण होत असल्याचे कोणतेही चिन्ह शास्त्रज्ञांना आढळलेले नाही. हे इतक्या खात्रीने का सांगता येते, हे समजण्यासाठी जागृत ज्वालामुखीचा अभ्यास कसा केला जातो, याची माहिती असणे आवश्यक आहे.

पायऱ्यांचा प्रदेश

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना रस्त्याच्या कडेला खडकाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले अशाच थरांवर उभे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हारस बाहेर पडला आणि दूरवर पसरून थिजला. त्यापासून जो काळा खडक तयार झाला, तो बेसॉल्ट. या थरांमुळे डोंगरउतारांना पायऱ्यांसारखा आकार येतो. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून या खडकांना 'ट्रॅप' आणि संपूर्ण प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव मिळाले.

हा खडक आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. आधुनिक कालमापनानुसार त्याचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला. दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक उद्रेक संपल्यानंतर खडकाची झीज होऊन माती तयार झाली आणि पुढच्या लाव्हारसाने ती झाकून टाकली, असा त्याचा अर्थ. उद्रेक अखंड सुरू नव्हते, त्यांच्यात दीर्घ विश्रांतीचे काळ होते, हे या पट्ट्यांवरून कळते.

वऱ्हाडातील कपाशीची काळी माती याच खडकाची झीज होऊन बनली. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील भागात मात्र हा खडक नदीच्या गाळाखाली खोल दबलेला आहे. विहिरींना खारे पाणी लागणारा खारपाणपट्टा तो हाच.

उगम हिंदी महासागरात

लाव्हारसाचे हे प्रचंड साठे आले कोठून? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, पृथ्वीच्या पोटात खोलवर काही ठिकाणी दीर्घकाळ टिकणारे उष्णस्रोत असतात. त्या काळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि अशाच एका उष्णस्रोतावरून उत्तरेकडे सरकत होता. भूखंड पुढे निघून गेला, उष्णस्रोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मॉरिशस ही बेटांची रांग म्हणजे या प्रवासाची खूण मानली जाते. तिच्या दक्षिण टोकाला फ्रान्सच्या ताब्यातील रियुनियन हे बेट आहे. मुंबई आयआयटीतील भूशास्त्रज्ञ हेतू शेठ यांच्यासारख्या काही अभ्यासकांनी या सिद्धांतावर आक्षेप घेतले आहेत. भूखंड ताणला जाऊन फाटल्यामुळेही असे उद्रेक होऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र वऱ्हाडाखाली आज वितळलेल्या खडकाचा साठा आहे, असे या वादातील कोणताही पक्ष म्हणत नाही.

योगायोग असा, की अमरावती विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळपास २१ अंशांवर आहे, तर रियुनियन दक्षिणेस तेवढ्याच अंशांवर. दोहोंतील अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर भरते. रियुनियनवरील 'पितों द ला फुर्नेझ' हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांच्या नोंदी आहेत. एप्रिल १९७७ मध्ये त्याचा लाव्हारस पितों सेंत रोझ या गावात शिरला आणि अनेक घरे नष्ट झाली. गावातील चर्चच्या दाराशी येऊन तो दोन्ही बाजूंनी वळला. रहिवाशांना आधीच हलविण्यात आल्याने प्राणहानी टळली. या घटनेनंतर १९७९ मध्ये तेथे वेधशाळा उभारण्यात आली. पॅरिस येथील भूभौतिकी संस्था ती चालविते.

ज्वालामुखीची नाडीपरीक्षा

वेधशाळेचे पहिले साधन भूकंपमापक. शिलारस वर सरकताना वाटेतील खडक फोडत येतो आणि त्यामुळे असंख्य लहान धक्के बसतात. त्यांची केंद्रे दिवसागणिक उथळ होत गेली, तर शिलारस पृष्ठभागाकडे येत आहे, असे अनुमान काढता येते. शिलारस भेगेतून वाहू लागला, की तुटक धक्क्यांच्या जागी सलग कंप नोंदला जातो.

दुसरे साधन जमिनीच्या फुगवट्याचे. पोटात शिलारस साठू लागला, की डोंगर किंचित फुगतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण उपग्रहांशी जोडलेली जीपीएस केंद्रे आणि कलमापक तो टिपतात. एक किलोमीटर लांबीची पट्टी एका टोकाला केवळ एक मिलिमीटरने उचलली, तर जेवढा कल येईल, तेवढाही या उपकरणांना मोजता येतो. वेगवेगळ्या दिवशी उपग्रहांनी घेतलेल्या रडार प्रतिमांची तुलना करूनही हा फुगवटा कळतो.

तिसरे साधन वायूंचे. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडताच जसे बुडबुडे येतात, तसे दाब कमी झाल्यावर शिलारसातील वायू सुटतात. कार्बन डाय ऑक्साइड खोलवर असतानाच बाहेर पडू लागतो, तर सल्फर डाय ऑक्साइड मुख्यतः शिलारस उथळ आल्यावर. त्यामुळे या दोन वायूंचे प्रमाण कसे बदलते, यावर शास्त्रज्ञांची बारीक नजर असते.

रियुनियनच्या वेधशाळेतील नोंदींमधून आणखी एक पद्धत पुढे आली. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सतत सूक्ष्म थरथर सुरू असते. एरवी निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या या थरथरीचा अभ्यास करून, उद्रेकापूर्वी ज्वालामुखीच्या पोटातून लहरी जाण्याचा वेग किंचित घटतो, असे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले.

उपकरणांच्या जोडीला प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी चुकत नाही. सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाच्या लाव्हारसाचा नमुना घेऊन तो लगेच पाण्यात थंड केला जातो. त्याच्या रासायनिक पृथक्करणावरून शिलारस ताजा आहे की जुन्या साठ्यातील, हे ठरविता येते. हे काम जोखमीचे आहे. कोलंबियातील गॅलेरास ज्वालामुखीच्या विवरात १४ जानेवारी १९९३ रोजी अचानक स्फोट होऊन सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यातील शास्त्रज्ञ ज्वालामुखीविषयक परिषदेच्या निमित्ताने तेथे जमले होते.

नोंदी असूनही...

नोंदी ठेवल्या म्हणजे काम संपले, असे नाही. कोलंबियातीलच नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा १९८५ मध्ये तयार करण्यात आला होता. आर्मेरो हे शहर धोक्याच्या पट्ट्यात असल्याचे त्यात दाखविले होते. तरीही शहर वेळेत रिकामे झाले नाही. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री शिखरावरील बर्फ वितळून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी सुमारे २३ हजार लोकांचा बळी घेतला.

फिलिपिन्समधील पिनातुबो येथे १९९१ मध्ये याच्या उलट घडले. शास्त्रज्ञांनी भूकंप आणि वायूंच्या नोंदींवरून टप्प्याटप्प्याने इशारे दिले, प्रशासनाने ते मानले आणि हजारो लोकांना हलविले. १५ जून रोजी विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला, परंतु किमान पाच हजार जणांचे प्राण वाचल्याचा अंदाज आहे. शास्त्रज्ञांचा निष्कर्ष प्रशासनामार्फत लोकांपर्यंत वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोहोचतो की नाही, यावर या दोन घटनांमधील फरक अवलंबून होता.

भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी

भारतात जागृत ज्वालामुखी एकच आहे आणि तो अंदमानच्या समुद्रात. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या बॅरन बेटावर मनुष्यवस्ती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर दीडशेहून अधिक वर्षे शांत असलेला हा ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्यानंतर त्याचे उद्रेक अधूनमधून सुरू आहेत.

त्याच्या अभ्यासाशी गोव्याचाही संबंध आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालील पथक २३ जानेवारी २०१७ रोजी 'सिंधू संकल्प' या जहाजातून समुद्रतळाचे नमुने घेत असताना बेटावरून अचानक राख उसळू लागली. पथकाने जवळ जाऊन निरीक्षण केले असता, पाच ते दहा मिनिटांचे लहान लहान उद्रेक होत असल्याचे आढळले. दिवसा केवळ राखेचे ढग दिसत होते. सूर्यास्तानंतर मात्र विवरातून उडणारी लाव्हारसाची लाल कारंजी स्पष्ट दिसू लागली.

लोणारचा धडा

क्षेत्रपाहणीमुळे जुनी समजूत बदलल्याचे ठळक उदाहरण वऱ्हाडातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर हे ज्वालामुखीचे असावे, असे अनेक वर्षे मानले जात होते. चहूकडे बेसॉल्ट असल्याने तसे वाटणे साहजिक होते. परंतु तेथील खडकांच्या नमुन्यांत, केवळ प्रचंड आघातानेच निर्माण होऊ शकतील, असे बदल आढळले आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते अशनीच्या आघाताने बनल्याचे सिद्ध झाले. खडक लाव्हारसाचा आहे म्हणून तेथील प्रत्येक खड्डा, धक्का किंवा गरम पाणी ज्वालामुखीचे असते, असे नाही.

मोर्शी तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेवर असलेल्या सालबर्डीच्या गरम पाण्याच्या झऱ्यालाही हेच लागू पडते. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील नैसर्गिक उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्यासाठी ज्वालामुखीची गरज नसते. बेसॉल्टच्या खाली काय आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा कोयना परिसरातही मिळाला आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे घेतलेल्या सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन छिद्रात १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि त्याखाली घट्ट, प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला.

मग धक्के कशाचे?

सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगड भ्रंश ही जमिनीतील मोठी जुनी फट आहे. सोन, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या विस्तीर्ण भ्रंशपट्ट्याचाच तो भाग मानला जातो. भारताचा भूखंड आजही उत्तरेकडे रेटला जात असल्याने या जुन्या फटींवर ताण साचतो आणि तो अधूनमधून मोकळा होतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा विनाशकारी भूकंप याच पट्ट्यातील. धारणीच्या पलीकडे, खंडवा जिल्ह्यातील पंधाना परिसरात १९९८ मध्ये लहान धक्क्यांची मालिकाच नोंदली गेली होती. पावसाचे पाणी भेगांत मुरून खडकावरील दाब बदलल्याने असे धक्के बसू शकतात, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले आहे. अशा धक्क्यांची केंद्रे फार उथळ असतील, तर कमी तीव्रतेच्या धक्क्यातही मोठा आवाज ऐकू येतो.

ज्वालामुखीच्या चार खुणांपैकी, म्हणजे वर सरकत जाणारे धक्के, सलग कंप, फुगणारी जमीन आणि बाहेर पडणारे वायू यांपैकी, शेवटच्या तीन मेळघाटात आढळलेल्या नाहीत. नुसते धक्के हे भ्रंशाचे लक्षण आहे. अर्थात, ज्वालामुखी नाही म्हणून काळजीचे कारणच नाही, असे मात्र समजता येणार नाही. दगडमातीच्या घरांना मध्यम तीव्रतेचा भूकंपही किती घातक ठरतो, हे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने दाखवून दिले आहे.

धक्क्याचे केंद्र नेमके ठरविण्यासाठी किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. केंद्रे दूर असली, तर लहान धक्के निसटतात आणि खोलीचा अंदाज चुकतो. म्हणूनच धक्क्यांची मालिका सुरू होताच त्या परिसरात तात्पुरती भूकंपमापके बसविणे महत्त्वाचे ठरते. नागरिकांनीही धक्क्याची वेळ, आवाज, भिंतींना गेलेले तडे आणि विहिरींच्या पाण्यातील बदल यांची नोंद करून तहसील कार्यालयाला कळविल्यास अभ्यासकांना मोठी मदत होते. भूकंपाची अधिकृत माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून प्रसिद्ध केली जाते. ती येईपर्यंत ज्वालामुखीच्या अफवांवर विश्वास न ठेवता तडे गेलेल्या घरातून बाहेर पडून मोकळ्या जागी थांबणे श्रेयस्कर.