संघम रेडिओ
तेलंगणातील जहीराबादजवळच्या माचनूर गावातून चालणारे सामुदायिक रेडिओ केंद्र. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या दलित शेतकरी स्त्रियांच्या संघांचे हे केंद्र 15 ऑक्टोबर 2008 रोजी प्रक्षेपण करू लागले. स्वयंसेवी संस्थेला परवाना मिळालेले ते देशातील पहिले.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. तरीही गावांना परवाने मिळण्याची वाट मोकळी झाली ती 2006 च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने. तोवर या बायका स्वस्थ बसल्या नव्हत्या: कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित करायचे आणि संघाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ऐकायचे. परवान्याआधीच इथे रेडिओ घडला होता, आणि हेच या केंद्राचे खरे मोठेपण.

प्रसारण संध्याकाळी, बायका रानातून परतल्यावर. भाषा त्या भागातली, घरात बोलली जाते तशी तेलुगू. ज्वारी, राळा, तूर एकाच वावरात कशी घ्यावी, बियाणे राखेत कसे जपावे, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला, हे जाणत्या बायकाच सांगतात. मधूनच पेरणीची गाणी. मिक्सरची बटणे सरकवणारे हातही खुरपणी करणाऱ्यांचेच.

धोरणानुसार प्रक्षेपकाची प्रभावी प्रक्षेपित शक्ती (ERP) साधारणपणे कमाल 100 वॅट. आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. 2006 च्या धोरणाने स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र मनाई केली. गावाच्या कारभारावर बोलू पाहणाऱ्या केंद्रांवर तो अन्यायच आहे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हेही याच वाटेवरचे सामुदायिक रेडिओ केंद्र.