बॅडमिंटनमधील दुखापती : मुरगळलेला पाय चोळू नये

प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे आणि फूल जेमतेम पाच ग्रॅमचे, त्यामुळे बॅडमिंटन हा निरुपद्रवी खेळ समजला जातो. प्रत्यक्षात झेप घेणे, एकाएकी थांबणे व वळणे यांचा सारा भार पायांवर पडतो आणि बहुतेक दुखापतीही तेथेच होतात. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी सिमेंटवर किंवा मातीवर खेळताना लाकडी कोर्टाची लवचीकता मिळत नाही. त्यातच पळण्याचे उंच टाचेचे बूट घातले तर घोटा हमखास दगा देतो. सपाट रबरी तळव्याचे बूट, झाडलेले मैदान व दहा मिनिटांचा हलका व्यायाम एवढी काळजी तरी घ्यावी.

घोटा मुरगळला की गरम तेलाने चोळण्याची घाई केली जाते. त्याने सूज वाढते. खेळ थांबवून कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढणे आवश्यक ठरते. सूज उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. तो टाळणाऱ्यांचा घोटा पुनःपुन्हा मुरगळतो.

चाळिशीनंतर अधूनमधून खेळणाऱ्यांना वेगळाच धोका असतो. मागून कोणी लाथ मारल्याचा भास होतो, वळून पाहावे तर कोणीच नसते! टाचेमागील जाड शीर तुटल्याची ही खूण होय. पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर त्याच दिवशी नांदेडला अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. लंगडत चालता येते म्हणून अनेकजण आठवडे दवडतात आणि मग उपचार अवघड होतात.

गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन काही तासांत सूज आली, तर आतील अस्थिबंध फाटल्याची शंका घ्यावी. पुलेला गोपीचंद यांना 1994 मध्ये पुण्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गुडघ्याची अशीच दुखापत झाली. शस्त्रक्रियांनंतर 2001 मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. मधली वर्षे मात्र विसरू नयेत. मुंबईच्या अपर्णा पोपट यांना मनगटाच्या दुखण्यामुळे 2006 मध्ये निवृत्त व्हावे लागले. मनगट किंवा कोपर सतत दुखत असेल, तर रॅकेट घट्ट आवळून धरण्याची सवय सोडावी व तारांचा ताण कमी करून घ्यावा.

दुहेरीत पुढे उभ्या खेळाडूने मागे वळून पाहू नये. फूल डोळ्याला लागल्यास डोळा चोळू नये, घरातील थेंब टाकू नयेत. अंधुक दिसत असेल वा बुबुळापुढे रक्त दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.